गुडघा दुखतोय, मग चालू की नको?

पत्र : माझं वय ५४. साताऱ्यात राहते, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रे काढला तेव्हा 'हाडांमधली गॅप कमी झाली आहे, ग्रेड दोन' असं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, चाला. शेजारच्या काकू आणि शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात, जेवढं चालशील तेवढा गुडघा झिजेल. भीती वाटून दीड वर्षापूर्वी सकाळचं फिरणं सोडलं. दुखणं काही कमी झालं नाही, वजन मात्र ६८ वरून ७४ वर गेलं. उंची ५ फूट १ इंच. बीपीची गोळी चालू आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मांडी घालता येत नाही, खाली बसलं की उठताना कुणाचा तरी हात लागतो. यूट्यूबवर बघून व्यायाम सुरू केला की चार दिवसांत गुडघा सुजतो आणि सगळं बंद पडतं. माहेर लोणंदजवळ आहे. पुढच्या आषाढी वारीत माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव एवढं तरी चालायची फार इच्छा आहे. ती सोडून द्यावी का?

उत्तर :

ताई, सोडून देऊ नका. लोणंद ते तरडगाव हा साधारण आठ किलोमीटरचा, बराचसा सपाट टप्पा आहे, आणि तुमच्या हातात सात महिने आहेत. ग्रेड दोनचा गुडघा आणि सात महिने, एवढ्यात हे जमण्यासारखं आहे. मात्र वाट चालण्यापासून सुरू होत नाही, मांडीच्या स्नायूपासून सुरू होते. ते पुढे सांगतोच.

आधी त्या 'झिजेल' या शब्दाचं बघू, कारण तुमची दीड वर्षं त्या एका शब्दानं खाल्ली. गुडघा म्हणजे गाडीचा टायर नव्हे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव तिच्यात शिरतो तो दाब पडल्यावर आणि सुटल्यावर. बादलीतला स्पंज दाबला की पाणी बाहेर येतं, सोडला की आत जातं, तसंच. पावलागणिक हेच घडत असतं. लोक ज्याला 'गुडघ्यातलं वंगण' म्हणतात ते सांध्याचं अस्तर तयार करतं, आणि सांधा हलता राहिला तरच ते सगळीकडे फिरतं. म्हणून तर सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असतो आणि घरात दहा पावलं टाकली की मोकळा होतो.

एक्स-रेवरची ग्रेड शून्य ते चार अशी मोजतात. तुमची दोन, म्हणजे सुरुवातीचा, सौम्य बदल. आणि एक्स-रे व दुखणं यांचं गणित जुळतंच असं नाही. ग्रेड तीन असून रोज शेतात जाणारी माणसं असतात, आणि ग्रेड एक असून ज्यांना जिना चढवत नाही अशीही असतात. फरक पडतो तो बहुतेक वेळा स्नायूंची ताकद, वजन, झोप आणि मनातली भीती यांमुळे. यातलं काहीही एक्स-रेत दिसत नाही.

दीड वर्षाच्या विश्रांतीत काय झालं ते आत्ताच बघा. पलंगावर दोन्ही पाय लांब करून बसा, गुडघे खाली दाबा आणि दोन्ही मांड्यांचा पुढचा भाग हातानं चाचपा, विशेषतः गुडघ्याच्या वाटीच्या वर, आतल्या बाजूला. उजवीकडचा स्नायू डावीपेक्षा मऊ आणि बारीक लागेल अशी दाट शक्यता आहे. हा स्नायू गुडघ्याचा शॉक अब्सॉर्बर. तो ढिला पडला की पाऊल टेकतानाचा धक्का सरळ सांध्यात जातो. मग दुखतं, दुखतं म्हणून तुम्ही बसता, बसलात की तो आणखी बारीक होतो.

यूट्यूबचे व्यायाम का फसले

व्यायाम वाईट नव्हते, मात्रा चुकली. असल्या व्हिडिओत पहिल्याच दिवशी पंधरा-वीस बैठका आणि लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली वाकणं) असतात, तेही रोज. कमकुवत स्नायूला तेवढं झेपत नाही, सांधा चिडतो, आत पाणी धरतो. आणि पाणी धरलेल्या सांध्याचा एक वाईट गुण असा की तो मांडीच्या स्नायूला मिळणारा हुकूमच दाबून टाकतो. सुजेवर ताकदीचा व्यायाम रेटला तर ताकद वाढत नाही, ती यामुळे. मग चार दिवसांनी तुम्ही सगळंच थांबवता आणि पुन्हा शून्यावर येता.

यावर एक नियम पाठ करा. दुखणं शून्य ते दहात मोजायचं. व्यायाम करताना चारपर्यंत दुखलं तर चालेल, घाबरायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर परत आलेलं असलं पाहिजे. नसेल, किंवा वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरलेले दिसत असतील, तर कालची मात्रा जास्त झाली. अशा वेळी बंद करू नका, एक तृतीयांश कमी करा. बारा वेळा केलं होतं तर आठ. रोज सकाळी दात घासताना दोन्ही गुडघ्यांचे खळगे बघायची सवय लावा. गोळी घेऊन व्यायाम केलात तर मात्र ही मोजणी खोटी येते. व्यायामाआधी पेनकिलर नको.

गुडघ्यातून कटकट, करकर आवाज येतो का? आवाजाबरोबर दुखत किंवा सुजत नसेल तर त्याकडे लक्ष देऊ नका.

पहिले तीन आठवडे

या तीन आठवड्यांत बैठका नाहीत, जिन्याचा जास्तीचा व्यायाम नाही. चारच गोष्टी, पहिल्या दोन रोज, बाकीच्या एक दिवसाआड.

पहिली : पलंगावर पाय लांब करून बसा. उजव्या गुडघ्याखाली टॉवेलची मनगटाएवढी गुंडाळी ठेवा. मांडी आवळून गुंडाळी खाली दाबा, पायाचा चवडा स्वतःकडे ओढा, सहा अंक मोजा, सोडा. दहा वेळा, मग डावा. सकाळी आणि रात्री. हे इतकं साधं आहे की लोक कंटाळून सोडतात, पण चिडलेल्या सांध्याला न दुखवता झोपलेला स्नायू जागा करायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

दुसरी : मोजा घालून खुर्चीत बसा आणि फरशीवर टाच हळूहळू मागे सरकवा, जिथे ताण येतो तिथे पाच अंक थांबा, पुढे न्या. दहा ते पंधरा वेळा. गेलेला वाक परत मिळवायचा तो असा. जोरानं वज्रासनात बसून नव्हे. वज्रासनात गुडघा पूर्ण मिटतो, वरून शरीराचा भार येतो, आणि वाटीमागचा दाब खूप वाढतो. कुणी कितीही आग्रह केला तरी सध्या ते टाळा.

तिसरी : उताणं झोपून डावा गुडघा वाकवा, उजवा पाय सरळ ठेवून डाव्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचला, तीन अंक धरा, तीन अंकांत खाली आणा. दहा वेळा, दोन फेऱ्या, मग डावा पाय. इथे तीन चुका होतात. उचलताना गुडघा किंचित वाकतो, म्हणजे काम मांडीऐवजी कंबरेकडे जातं. पाय धपकन टाकला जातो. आणि श्वास कोंडला जातो. तुम्हाला बीपी आहे म्हणून ही तिसरी महत्त्वाची. उचलताना मोठ्यानं 'एक, दोन, तीन' म्हणा, श्वास आपोआप सुटतो.

चौथी : कुशीवर झोपून वरचा पाय वीत-दीड वीत वर, टाच थोडी मागे. दहा वेळा, दोन फेऱ्या, दोन्हीकडे. हा कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू. तो कमजोर असला की पाऊल टाकताना कंबर दुसऱ्या बाजूला कलते आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला, जिथे बहुतेकांची गॅप कमी झालेली असते, नेमका तिथे भार पडतो. गुडघा दुखतो म्हणून फक्त गुडघ्याकडे बघणारे इथे फसतात.

चौथ्या आठवड्यापासून : खुर्ची

सगळ्यांत जास्त फायदा देणारा व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं आणि बसणं. जमिनीवरून उठणं, जिना, संडास, एसटीची पायरी, सगळ्यात हीच हालचाल आहे. म्हणून याला वेळ द्या.

जेवणाच्या टेबलाची साधी, हात नसलेली खुर्ची घ्या. तिची उंची साधारण ४५ सेंटीमीटर असते. ती भिंतीला टेकवा, म्हणजे मागे सरकणार नाही. बैठकीवर घडी घातलेली गोधडी ठेवून उंची ५० ते ५५ करा. पुढच्या अर्ध्या भागात बसा. पावलांत खांद्यांएवढं अंतर, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे. हात छातीवर किंवा समोर. आता नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुका आणि मगच उठा. लोक पाठ ताठ ठेवून उठायला जातात, त्यामुळे सगळा जोर गुडघ्यावर येतो; झुकलं की कुल्ह्याचे मोठे स्नायू कामाला लागतात. बसताना तीन अंक मोजत बसा. खुर्चीवर पडलात, तर शेवटचा भाग स्नायूनं केलाच नाही.

समोर आरसा ठेवून एकदा बघा. गुडघे एकमेकांकडे येतात का? वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनं राहिली पाहिजे. आणि उजवा दुखतो म्हणून तुम्ही नकळत सगळं वजन डाव्यावर घेत असाल. त्यावर सोपा उपाय : डावं पाऊल मूठभर पुढे ठेवा. जे पाऊल मागे, त्याच्यावर भार जास्त येतो. पहिल्या आठवड्यात समान ठेवा, दुसऱ्यापासून असं करा.

आठ वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा आठ. एक दिवसाआड. व्यायामाच्या सलग दोन दिवशी दुसऱ्या फेरीत बारा वेळा जमलं आणि आणखी दोन सहज झाले असते असं वाटलं की गोधडीची एक घडी कमी करा. उंची कमी होणं म्हणजेच वजन वाढवणं. पूर्ण ४५ सेंटीमीटरवर आलात की हातात किलोभर तांदळाची पिशवी धरा. याच सुमारास पाय उचलण्याच्या व्यायामातही घोट्याला अर्धा किलो मिठाचा पुडा कापडी पिशवीत घालून बांधता येईल.

ओट्याला धरून टाचा उचलणंही याच दिवशी जोडा, पंधरा वेळा, दोन फेऱ्या. सातव्या-आठव्या आठवड्यापासून पाट घ्या, दहा सेंटीमीटर उंचीचा, न डुगडुगणारा. भिंतीचा आधार घेऊन उजवा पाय वर ठेवा, त्याच पायानं शरीर उचला, डावा नुसता टेकवा, सावकाश खाली. खालच्या पायानं उडी मारून वर जाण्याचा मोह होतो. तसं केलं तर त्यात काही राहत नाही.

पहिला फरक सहा ते आठ आठवड्यांनी जाणवतो, तोही अचानक नव्हे. एक दिवस लक्षात येतं की खुर्चीतून उठताना हात टेकवला नाही. मोजायचं असेल तर आज ३० सेकंदांत हात न लावता किती वेळा उठता ते लिहून ठेवा आणि महिन्याला एकदा मोजा. वजनकाट्यापेक्षा हा आकडा तुम्हाला जास्त धीर देईल.

चालणं

उद्या घड्याळ लावून सपाटीवर चाला आणि दुखणं चारवर कधी जातं ते बघा. समजा १४ मिनिटं. तर तुमची मात्रा १० मिनिटं, म्हणजे त्याच्या सत्तर टक्के. दिवसातून दोनदा. चांगलं वाटतंय म्हणून एके दिवशी चाळीस मिनिटं चालायचं आणि पुढचे चार दिवस झोपून काढायचे, ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक आहे. बरं वाटलं तरी ठरलेल्या मिनिटालाच थांबायचं. दर आठवड्याला एक ते दोन मिनिटं वाढवा.

वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही; साधारण मिनिटाला शंभर पावलं. पावलं लांब टाकू नका. लांब पावलात टाच फार पुढे पडते आणि गुडघ्याला धक्का बसतो. छोटी, भरभर पावलं बरी. जागा म्हणजे शाळेचं मैदान उत्तम. सातारकरांना अजिंक्यताऱ्याची वाट सवयीची असते, पण ती तुम्हाला सध्या नको, आणि चढापेक्षा उतारासाठी नको.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. ते गुडघेदुखीवाल्यांनाही लागू आहे, पण तिथे पोचायला तुम्हाला तीन-चार महिने लागतील आणि सगळं चालूनच करायचं असं नाही. घरी किंवा जवळ व्यायामाची सायकल असेल तर फार चांगलं. सीट मात्र उंच हवी. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला दिसला पाहिजे. सीट खाली ठेवून सायकल चालवली तर वाटीमागे दुखतं आणि लोक सायकललाच दोष देतात. बिनजोराची पाच मिनिटं, तिथून वीसपर्यंत. पोहण्याचा तलाव जवळ असेल तर पोहता आलंच पाहिजे असं नाही, कमरेएवढ्या पाण्यात चालणंही चालतं. शरीराचं निम्मं वजन पाणीच उचलतं. पोहता येत असेल तर बेडकासारखे पाय मारणं टाळा.

जिना

कृत्रिम गुडघ्यात सेन्सर बसवून भार मोजला गेला आहे. सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट, जिना चढताना तीन पटींच्या वर आणि उतरताना जवळपास साडेतीन पट. म्हणजे तुमच्या बाबतीत प्रत्येक पायरी उतरताना अडीचशे किलोच्या आसपास. उतरणं जास्त का दुखतं याचं उत्तर हेच.

म्हणून चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि कठड्यावर हाताचा खरा भार, नुसता स्पर्श नव्हे. पूर्ण पाऊल पायरीवर. फार दुखत असेल त्या दिवशी कठड्याकडे तोंड करून आडवं उतरा. दिवसातल्या फेऱ्या दोनवर आणा. दूध, भाजी, कचरा यांची कामं एका फेरीत बसवा किंवा दोरीला पिशवी बांधून वर घ्या. तीन महिन्यांनी, मांडी भरली की, हाच जिना तुमची व्यायामशाळा होईल. आज नाही.

शाळेत फळ्यासमोर गुडघे मागे कुलूप लावल्यासारखे ताठ करून उभं राहण्याची सवय बहुतेक शिक्षिकांना असते. गुडघे किंचित सैल ठेवा, अर्ध्या तासाला दोन मिनिटं बसा, आणि बसलेल्या वेळीही तासभर पाय वाकवलेले ठेवू नका. चपला सपाट, मऊ तळाच्या, मागे पट्टा असलेल्या. घरातही.

वजन आणि ताट

२००५ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं उतरतो. तुमचे वाढलेले सहा किलो गेले तर पावलागणिक २४ किलो. हे केवळ व्यायामानं होणार नाही, ते ताटातच व्हावं लागतं. लक्ष्य ठेवा महिन्याला एक ते दीड किलोचं. उपाशी राहून झटपट उतरवलेल्या वजनात स्नायूही जातो, आणि आपल्याला नेमका तोच हवा आहे.

तेव्हा आधी प्रथिनं वाढवा, मग बाकी कापा. दिवसाला साठ ग्रॅम धरून चला. सकाळी ५० ग्रॅम मुगाची धिरडी, त्यात बारा ग्रॅम. दुपारी ४० ग्रॅम मटकीची उसळ, नऊ; दोन ज्वारीच्या भाकरी, दहा; वाटीभर दही, पाच. चार वाजता बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे, सहा. रात्री ४० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, नऊ. दोन पोळ्या, सात. पेलाभर दूध, सहा. झाले चौसष्ट. पातळ वरणाच्या दोन पळ्यांत हे कधीच भरत नाही, ताटात डाळ आहे म्हणून भरलं असं फक्त वाटतं.

कापायचं कुठे? चहात. दिवसाला चार कप, दोन-दोन चमचे साखर, म्हणजे १६० कॅलरी, नुसत्या चहाच्या. तेलात : घरात चार माणसं असतील तर महिन्याचं तेल तीन लिटरच्या आत. आणि गुरुवार-एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत. ती उपवासाची असली तरी हलकी नसते. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही, मोजून वीस ग्रॅम दाणे.

गोळ्या, तेल, पट्टे

मेडिकलमधून मनानं आणलेली पेनकिलर तुम्हाला नको. बीपी वाढतं, बीपीच्या काही गोळ्यांबरोबर घेतली तर मूत्रपिंडावर ताण येतो. वरून लावायचं डायक्लोफेनॅक जेल त्यामानानं सुरक्षित. तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर २००६ साली मोठी चाचणी झाली, एकूण रुग्णांत ते साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. महिन्याचे ते पैसे कडधान्यं, दही आणि चांगल्या बुटांवर घाला. तेलानं चोळलं की बरं वाटतं, खुशाल चोळा, फक्त गॅप भरून येईल अशी आशा धरू नका. नी कॅप शाळेत, प्रवासात घाला, रात्री काढा. शेक आखडलेपणाला, बर्फ सुजेला. बर्फ रुमालात गुंडाळून पंधरा मिनिटं, थेट कातडीला नाही.

दुखणं अधूनमधून उसळेल, तयारी ठेवा. त्या दोन-तीन दिवसांत चालणं निम्मं, खुर्ची बंद, टॉवेलची गुंडाळी आणि टाच सरकवणं चालू. पूर्ण झोपून राहणं नको.

पण गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, एकाएकी टम्म सुजला, मध्येच अडकून सरळच होईना, चालताना दगा देऊ लागला, पायावर भारच देता येईना, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. रात्री झोपमोड करणारं दुखणं आठवड्याभरात कमी झालं नाही तरीही दाखवा.

खाली बसणं

उठताना हात मागावा लागतो असं लिहिलंत, ते आम्हाला गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा जास्त टोचलं. घरी एकट्या असताना खाली बसायचीच भीती वाटत असेल. उठायची रीत अशी : आधी कुशीला कला, मग घडी घातलेल्या गोधडीवर हात आणि गुडघे टेकून रांगत्या अवस्थेत या. समोर पलंग किंवा जड खुर्ची. दोन्ही हात तिच्यावर, डावं पाऊल पुढे आणून पूर्ण टेका, नाक पुढे, आणि हात व डाव्या पायाच्या जोरावर उठा. आधी कुणीतरी शेजारी असताना चार-पाच दिवस करून बघा.

मांडीसाठी जमिनीऐवजी दहा-पंधरा सेंटीमीटर उंच पाटावर बसा. कूल्हे वर आले की गुडघ्यांवरचा ताण बराच उतरतो. देवघर ओट्याच्या उंचीवर घ्यायला देवाची हरकत नसते. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते आणि भिंतीला एक स्टीलचा दांडा बसवून घ्या, आजच.

आता लोणंद

बाराव्या आठवड्यापर्यंत सलग अर्धा तास, विसाव्यापर्यंत पाऊण तास, आणि त्यानंतर आठवड्यातून एकदाच लांब चाल : पाऊण तास, दहा मिनिटं बसणं, पुन्हा पाऊण तास. निघायच्या दोन आठवडे आधी अशी सहा-सात किलोमीटरची चाल झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खळगे जागेवर होते, तर तुम्ही तयार आहात. शेवटचा आठवडा निम्मंच चाला. दिवे घाटाचा टप्पा मात्र कुणी कितीही बोलावलं तरी नाही. तो लांब आहे आणि चढाचा आहे.

वारीतला त्रास अंतराचा नसतो, थांबत-थांबत चालण्याचा असतो. दिंडीचा वेग आपला नसतो. कधी पळायला लावते, कधी अर्धा तास एका जागी उभं करते. उभं राहणं चालण्याइतकंच जड जातं. म्हणून घडीचं हलकं स्टूल बरोबर घ्या, विसाव्याला जमिनीवर बसू नका. काठी डाव्या हातात, उजव्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला. उभं राहून हात सोडल्यावर मनगटाची घडी येते तेवढी तिची उंची. काठीची सवय महिनाभर आधी करा, पहिल्यांदा गर्दीत नको. बूट जुने, पायाला बसलेले. अनवाणी चालायचा आग्रह असेल तर तो शेवटच्या शंभर पावलांपुरता ठेवा. पाणी कमी पिऊ नका; बायका वाटेत संडासची सोय नाही म्हणून पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येते. घरच्या कुणाला तरी गाडी घेऊन तरडगावात थांबायला सांगा.

आणि जूनपर्यंत दीड तासाची चाल जमली नाही, तर याच वाटेवरच्या चांदोबाच्या लिंबापर्यंत गाडीनं जा. तिथे माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं. ते स्टुलावर बसून डोळे भरून पाहा आणि तिथून पुढे दिंडीबरोबर चालू लागा.